पिशवी ठेवायचे किती?

"मॅडम, पिशवी काढायचे तुमच्याकडे किती घेता?"

माणूस अजून खुर्चीत नीट टेकलाही नव्हता. ठिबकच्या नळ्यांचं कोटेशन मागावं तसा त्याने प्रश्न टाकला आणि उत्तराची वाट पाहत खिशातलं पेन काढलं.

मी पंचवटीत स्वतःचा दवाखाना टाकून तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बायकांच्या आजारांची डॉक्टर म्हटल्यावर माझ्यासमोर नाना प्रकारचे नवरे येऊन बसले होते, पण गर्भाशयाचा बाजारभाव काढत फिरणारा हा पहिलाच. नाव भाऊसाहेब. दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार. पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि नखांच्या कडेला मोरचुदाचा निळा डाग. त्याच्या मागे बायको उभी होती, सुनंदा, पस्तिशीच्या आतबाहेरची. तिच्याही मागे त्याची आई, यमुनाबाई. ती मात्र न सांगता स्टुलावर बसली होती.

"कुणी सांगितलं काढायला?" मी विचारलं.

त्याने ज्यांचं नाव घेतलं ते माझे सर.

इथे थोडं थांबून सरांविषयी सांगायला हवं, नाहीतर मला राग का येतो ते कळणार नाही. मी सरांच्या हॉस्पिटलमध्ये सहा वर्षं काढली. ओपीडी मी बघायची, रात्रीच्या डिलिव्हऱ्या मी करायच्या आणि सकाळी पेढे सर घ्यायचे. माझे वडील मखमलाबादला कोथिंबीर-मेथी लावायचे. शाळेत असताना मी त्यांच्याबरोबर पहाटे मार्केट यार्डात जायचे आणि व्यापाऱ्यांशी भाव मीच बोलायचे, कारण वडील भिडस्त होते. हे मी सरांना एकदा मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. मी नोकरी सोडली तेव्हा सर चारचौघांत म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण हात भाजीवालीचा. पेशंट जुडीने मोजेल." हे वाक्य मी विसरलेले नाही. विसरण्याचा विचारही नाही.

"सरांनी काय आजार सांगितला?"

"अंगावरून पांढरं जातं, खाज हाय. दोन वर्षं झाली. औषध घेतलं की बरं, बंद केलं की परत चालू. सर म्हणले, पिशवीला सूज हाय, काढून टाका, कटकट जाईल. तारीखबी दिली. पितृपक्षात थिएटर मोकळं राहतं, म्हणून कन्सेशन बसतंय."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"दोन ठिकाणी भाव विचारलेला बरा."

शैला सिस्टर, माझी नर्स, दारात उभी होती. ती तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मी मात्र हसले नाही. मला त्या माणसाचा राग आला होता आणि त्याचबरोबर थोडा आदरही वाटला होता. दोन ठिकाणी भाव विचारणाऱ्या माणसाशी बोलता येतं.

"काढायचे सांगते," मी म्हटलं, "पण आधी ठेवायचे किती ते ऐकून घ्या. ते स्वस्त पडेल."

त्याने पेन परत खिशात ठेवलं. "ठेवायचे किती?"

"तपासल्याशिवाय भाव बोलत नाही. तुम्ही माल बघितल्याशिवाय बोलता का?"

तपासणीच्या खोलीत सुनंदा एकटी आली. सासू मागोमाग यायला निघाली होती, तिला शैलाने चहा विचारून अडवलं. दार लागलं तशी सुनंदा बोलायला लागली. रात्री झोप नाही. खाजवून खाजवून कातडी सोलवटलेली. लघवी करताना मीठ चोळल्यासारखी आग. हळदीकुंकवाला जायची सोय नाही, पाच मिनिटं मांडी घालून बसवत नाही. नवरा पॅकिंग शेडमध्ये झोपायला जातो. सासूने तिचा साबण, तिची बादली, तिची दोरी सगळं वेगळं केलंय.

"सरांनी अशी तपासणी केली होती?"

"नाय. लांबूनच विचारलं."

"तुम्हाला काढायची आहे का पिशवी?"

आतापर्यंत ती छताकडे बघत बोलत होती. आता माझ्याकडे बघितलं. "माझ्या थोरल्या जावेची काढली. तिला आता कळशी उचलत नाय. अंगातून वाफा निघतात म्हणती, रडायला येतं म्हणती, आन् घरातले म्हणतात नाटकं करती. मॅडम, मला खाज नको. पण खाजेपायी मला तिच्यासारखं नाय व्हायचं. आमच्या ह्यांना मी सांगितलं तर म्हणले, पोरं झाली, ऑपरेशन झालं, आता पिशवीचा उपयोग काय?"

तपासणीत जे दिसलं ते पुस्तकातल्या चित्रासारखं होतं. योनिमार्ग लालबुंद आणि त्याला चिकटलेले पांढरे दाणे, दूध फाटल्यावर भांड्याच्या कडेला राहतात तसे. गर्भाशय अगदी व्यवस्थित. सूज नाही, काही नाही. कॅन्सरची शंका राहू नये म्हणून गर्भाशयाच्या तोंडाचा स्मिअर घेतला, तो नंतर नॉर्मल आला. रक्तातली साखर तपासली, कारण मधुमेह असला तर ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. तीही नॉर्मल. मग त्या पांढऱ्या पदार्थाचा कण काचेच्या पट्टीवर घेतला, त्यावर एक थेंब पोटॅशचं द्रावण टाकलं आणि मायक्रोस्कोपखाली धरला. याला आम्ही स्लाईड बघणं म्हणतो. द्रावणाने बाकीच्या पेशी विरघळतात आणि जी राहते ती बुरशी.

मायक्रोस्कोप माझा स्वतःचा होता. एका बंद पडलेल्या लॅबकडून मी तो निम्म्याहून कमी किमतीत घेतला होता, आणि वर काचेच्या पट्ट्यांचा खोका फुकट. भिंगात बघितलं तर फांद्याच फांद्या, आणि फांद्यांना कळ्या फुटाव्यात तसे गोल गोल दाणे. कँडिडा. यीस्टच्या जातीची बुरशी. ही बुरशी कित्येक धडधाकट बायकांच्या शरीरात थोड्या प्रमाणात असतेच, आणि त्यांना आयुष्यात कधी कळतही नाही. ती माजली की मात्र असा धिंगाणा घालते.

मी भाऊसाहेबाला आत बोलावलं आणि भिंगाला डोळा लावायला सांगितलं. असं मी सहसा करत नाही. पण हा माणूस तोंडी सांगून ऐकणारा नव्हता, त्याला माल दाखवायला हवा होता.

त्याने एक डोळा मिटला, दुसरा लावला. बराच वेळ हलला नाही.

"ही काय? बुरशी?"

"बुरशी."

"ही तर भुरीची बहीण!" तो ताडकन उभा राहिला. भुरी म्हणजे द्राक्षाच्या पानावर येणारी पांढरी बुरशी. "आई, इकडं ये! अगं बुरशी निघाली! दोन वर्षं आपण उगाच घाबरतोय!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, मग आधी कुणी सांगायचं ना! बुरशीत माझा हात धरणारा तालुक्यात नाय."

मला त्या क्षणी बरं वाटलं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं असं आता कुणीही म्हणेल. पण ज्यांनी भाऊसाहेबाला पाहिलेलं नाही त्यांनी बोलू नये.

"आता ऐका," मी म्हटलं. "ही बुरशी पिशवीत नाही. ती वाटेत आहे. अंगणात शेवाळ धरलं म्हणून कुणी घर पाडतं का? पिशवी काढली तरी वाट तिथंच राहणार आणि बुरशीही तिथंच."

"मग सर का म्हणले?"

"ते सरांना विचारा. मी तुम्हाला औषध देते. सहा रात्री आतमध्ये ठेवायची गोळी, आणि एक गोळी तुम्हा दोघांना पोटात घ्यायची."

"मला कशाला?"

"तुम्हाला खाज नाही?"

त्याने आईकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि गोळी घेतली.

मग खरा सौदा सुरू झाला. त्याचं म्हणणं, तारीख कॅन्सल करणार नाही, कन्सेशन परत मिळत नसतं. माझं म्हणणं, तारीख राहू द्या, पण तोवर पेशंट माझा. तो म्हणाला, श्रावणभर बघतो. मी म्हटलं, गणपती उठेपर्यंत. तो म्हणाला, गौरीपर्यंत. मी उठून उभी राहिले आणि शैलाला पुढचा पेशंट पाठव म्हणून हाक मारली. हे मार्केट यार्डातलं शिक्षण. दारापर्यंत जाऊन तो परत आला.

"बरं, गणपती उठेपर्यंत. तोवर बरी नाय झाली तर सरांकडं पिशवी काढणार. मग तुम्ही मधी बोलायचं नाय."

"आणि बरी झाली तर?"

"तर द्राक्षांची पेटी पाठवतो. एक्स्पोर्ट क्वालिटी."

सुनंदा कोपऱ्यात उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिच्या पिशवीचा सौदा तिच्यादेखत चालला होता. तिने फक्त एकदा माझ्याकडे बघून मान हलवली. ती मान मला पुढचे दोन महिने आठवत राहिली.

पंधरा दिवसांनी सुनंदा एकटी आली, शेअर जीपने. चेहराच वेगळा. झोप लागतेय, आग थांबली. स्लाईड स्वच्छ. मी शैलाला म्हटलं, आता सरांना पितृपक्षात थिएटर मोकळंच ठेवावं लागणार.

गणपती बसले आणि चार दिवसांत भाऊसाहेब, सुनंदा आणि यमुनाबाई अशी वरात माझ्या वेटिंग रूममध्ये हजर झाली. खोली गच्च भरलेली होती. सात-आठ पोटुशा बाया, त्यांच्या सासवा, एक सिन्नरहून आलेलं अख्खं कुटुंब.

"मॅडम, तुमचं औषध डुप्लिकेट हाय!" भाऊसाहेब दारातूनच ओरडला. "पहिल्यापेक्षा जास्त झालंय!"

मी केबिनमधून बाहेर आले. राग आला की माझा आवाज चढतो, हे माझ्या घरातलेही सांगतील. "डुप्लिकेट तुमची अक्कल असेल! आत या आणि मग बोला!"

"आत कशाला? इथंच बोलू. सगळ्यांना कळू द्या!"

"कळू द्या ना! तुमच्या बायकोचा आजार तुम्हाला चव्हाट्यावर मांडायचा असेल तर मी स्पीकर मागवते, मंडळवाल्यांचा आहे बाहेर!"

सिन्नरच्या कुटुंबातली म्हातारी म्हणाली, "जा बाबा आत, बाईमाणसाचं असं बोलत नसतात." तेव्हा कुठे तो आत आला. शैलाने दार लावलं. पण दाराला फट होती आणि बाहेर कुणीही मासिक चाळत नव्हतं, हे मला माहीत होतं.

स्लाईड केली. पुन्हा जंगल. आधीपेक्षा दाट.

मला कळेना. साखर नॉर्मल. नवऱ्याला औषध दिलं. बाई पोटुशी नाही. सुती कपडे वापरायला सांगितले होते, वापरत होती. मागच्या खेपेला स्वच्छ असलेली वाट एवढ्यात इतकी कशी माजली?

"घरी काय काय करता?" मी सुनंदाला विचारलं.

उत्तर भाऊसाहेबाने दिलं. "तुम्ही सांगितलं तेच."

"मी काय सांगितलं?"

"बुरशी हाय म्हणून."

"बरं. पुढे?"

"पुढचं आम्हाला येतं."

मी पेन खाली ठेवलं.

"काय येतं?"

भाऊसाहेब खुर्ची पुढे ओढून बसला. त्याला वाटलं, मी शिकायला बसले आहे. "मॅडम, बुरशीचा एक नियम हाय. रोग दिसल्यावर फवारून उपयोग नाय. डावणी पानावर दिसली म्हणजे बाग गेली समजा. आधीच मारायला लागतं. प्रतिबंधक. म्हणून तुमच्या औषधानं फरक पडला त्या दिवशीच मी शेड्यूल लावलं."

"कशाचं शेड्यूल?"

"हिचं."

सुनंदाने पदर तोंडावर घेतला.

"सकाळ-संध्याकाळ अँटिसेप्टिकच्या पाण्यानं आतून धुवायचं. टोपणभर बादलीला. पाऊस झाला की जादा एक टाईम, कारण पावसानंतर बुरशी वाढती. दर सोमवारी एक कॅप्सूल. मेडिकलवाल्याला सांगितलं, प्रतिबंधक काहीतरी जोरदार दे. आन् एकच कॅप्सूल देत नाय मी. एकच औषध सारखं मारलं तर रोग सरावतो. म्हणून एका सोमवारी लाल, दुसऱ्या सोमवारी पिवळी."

मी डोळे मिटले. "कॅप्सूल आणलीय?"

त्याने खिशातून दोन पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. अगदी अभिमानाने. दोन्ही अँटिबायोटिक्स. चांगली तगडी.

आता वाचकांना सांगते काय झालं होतं, कारण पुढची पाच मिनिटं मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. शैलाने नंतर सांगितलं की बाहेरच्या दोन पोटुशा बाया घाबरून रिक्षात जाऊन बसल्या.

बाईच्या योनिमार्गात चांगले जंतू राहतात. दही लावणाऱ्या जंतूंचे भाऊबंदच म्हणा ना. ते तिथे आंबटपणा टिकवतात, आणि तो आंबटपणा आहे तोवर बुरशी कोपऱ्यात गुपचूप पडून असते. अँटिबायोटिक मारतं जंतूंना. बुरशी ही जंतू नव्हे, तिला त्या कॅप्सूलने काही होत नाही. म्हणजे राखणदार मेले आणि चोर शाबूत. त्यावर आतून अँटिसेप्टिकने धुणं म्हणजे उरलेसुरले राखणदारही हाकलून, चोराला झाडलोट करून अंगण मोकळं करून देणं. मागच्या दोन वर्षांतही हेच चाललं होतं. पांढरं जातंय म्हटलं की गावातला कुणीतरी अँटिबायोटिक द्यायचा, चार दिवस वाटायचं बरं आहे, आणि मग दुप्पट जोराने परत. फक्त तेव्हा ते अधूनमधून होत होतं. भाऊसाहेबाने ते वक्तशीर केलं.

हेच सगळं मी जरा सौम्य शब्दांत त्याला सांगितलं. त्याला पटेना.

"बुरशीला औषध मारलं तर बुरशी वाढते? हे कुठलं शास्त्र?"

तेव्हा सुनंदा बोलली. दोन महिन्यांत त्याच्यासमोर पहिल्यांदाच. "मागल्या वर्षी मिलीबग कसा आला?"

भाऊसाहेबाने खुर्ची मागे सरकवली.

"सांगा ना मॅडमना. कसा आला? तुम्हीच म्हणले, एक जादा फवारा मारू. दुकानदार नको म्हणत होता. त्या फवाऱ्यानं मिलीबग खाणारे किडे मेले आन् मिलीबग राहिला. घडाघडाला चिकट झालं. दोन एकर बेदाण्याला घातला आपण. विसरले?"

मिलीबग म्हणजे कापसासारखी पांढरी कीड. ती खाणारे छोटे किडे बागेत आपसूक असतात, त्यांना मारलं की ती मोकाट सुटते. हे मला त्या दिवशी कळलं. भाऊसाहेबाला आधीपासून माहीत होतं, फक्त घरात लागू करायचं सुचलं नव्हतं.

त्याने त्या दोन पट्ट्या उचलून परत टेबलावर ठेवल्या. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे मी मित्रकीटक मारले."

"सगळे," मी म्हटलं. "लाल सोमवारी आणि पिवळ्या सोमवारीसुद्धा."

यमुनाबाई स्टुलावरून बोलली, "मी म्हणतच होते, एवढं धुऊ नका. भांड्याला एवढं घासलं तर कल्हई जाती."

"आई, तूच तर बादली वेगळी केली!"

"बादली केली वेगळी. भट्टी नव्हती लावली!"

माझ्याकडे आता मोजके दिवस उरले होते. विसर्जन झालं की पितृपक्ष, आणि पितृपक्षात सरांचं मोकळं थिएटर. मी पट्ट्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. आतल्या गोळ्यांचा कोर्स पुन्हा दिला, या वेळी लांबलचक. धुणं बंद. बाहेरून फक्त साधं पाणी.

"आन् आम्ही काय करायचं?" भाऊसाहेब म्हणाला.

"काही नाही."

"काहीच नाय? नुसतं बघत बसायचं?"

"बघायचंही नाही."

"मॅडम, द्राक्षात असं बसलं तर बाग जाते."

"ही बाग नाही, बायको आहे. आणि हा कोर्स झाला की बुरशीची एक गोळी दर आठवड्याला, काही महिने. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीला तसं लागतं."

त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे शेड्यूल आहेच की!"

"आहे. पण माझं. आणि सोमवारी नाही, शुक्रवारी." शुक्रवारच का, याला काही कारण नव्हतं. सोमवार त्याचा होता, एवढंच.

त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. वेटिंग रूममधली दारामागची बातमी कॉलेज रोडला सरांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

"माझा पेशंट फोडतेस म्हणे?"

"सर, ती खाजेची पेशंट आहे. बुरशी आहे. पिशवी नॉर्मल आहे."

"दोन वर्षांचा त्रास आहे तिला. बिचारीला मोकळं करायचं सोडून तू बुरशी चाळत बसलीस?"

"तुम्ही स्लाईड बघितली होती, सर?"

"तीस वर्षांच्या अनुभवाला स्लाईड लागत नाही."

"अनुभवाला लागत नसेल. बुरशीला लागते."



"भाजीबाजारात काय करायचं ते तिकडे कर," सर म्हणाले. "इथे पेशंटची ओढाताण नको. तारीख ठरलेली आहे."

"तारीख मोडा म्हणतच नाही. टेबलावर घ्यायच्या आधी एक स्लाईड करा, एवढंच. बुरशी दिसली तर मला फोन करा. नाही दिसली तर कशासाठी कापता ते तिला सांगा."

त्यांनी फोन ठेवला. मी ठेवला असता, पण त्यांनी आधी ठेवला. त्याचंही मला वाईट वाटतं.

विसर्जनाच्या दिवशी नाशिकमध्ये रस्ते बंद असतात. त्यामुळे ते तिघं आदल्या दिवशी आले. सरांची तारीख दोन दिवसांवर होती. सुनंदाने हिरवी साडी नेसली होती आणि ती खुर्चीत पाठ टेकून बसली होती. दोन वर्षांच्या त्रासानंतर खुर्चीत पाठ टेकून बसता येणं ही काय गोष्ट आहे, हे त्या खोलीत तिला आणि मलाच कळत होतं.

तपासलं. लाली गेली होती. दाणे नव्हते. स्लाईड घेतली. मी भिंगाखालची पट्टी इकडून तिकडे, वरून खाली सरकवली. फांद्या नाहीत. मग भाऊसाहेबाला बोलावलं. त्याने डोळा लावला, आणि बागेत उतरल्यासारखा पट्टीच्या कडेकडेपर्यंत शोधत राहिला.

"काहीच नाय."

"काहीच नाही."

"एखादं बीज राहिलं असलं तर?"

"राहणारच. थोडी बुरशी सगळ्यांत असते. ती राहू द्यायची. राखणदार परत आले की ती गप्प राहते. म्हणून शुक्रवारची गोळी मीच बंद करा म्हणेपर्यंत घ्यायची आणि मधे दुसऱ्या कुणाचं काही घ्यायचं नाही. ताप आला, सर्दी झाली, कुणी अँटिबायोटिक लिहिलं, तर आधी मला फोन."

सुनंदाने विचारलं, "मग परवा जायचं नाय ना?"

तिने ते मला विचारलं नव्हतं. नवऱ्याला विचारलं होतं. माझ्या खोलीत तो प्रश्न तिने पहिल्यांदाच सरळ त्याच्या तोंडावर विचारला.

भाऊसाहेबाने मान खाजवली. "नाय जायचं. मॅडमनी सौदा जिंकला." त्याच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं आणि मला ते चेहऱ्यावर दिसत होतं. मोकळं थिएटर, ठरलेली तारीख, कन्सेशन. असा माणूस भरलेल्या तिकिटाची सीट रिकामी जाऊ देत नाही.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"तारीख फुकटच चालली. आईचीबी कंबर दुखती कवाधरनं. तर मग... आईची काढून घेतली तर?"

यमुनाबाई स्टुलावरून उठली. सत्तरीची बाई, पण तिच्या आवाजाने बाहेरची सगळी वेटिंग रूम उभी राहिली. "मुडद्या! तुला नऊ महिने ठेवला तिथं, ती आता सेलमध्ये काढतो? सरांना जाऊन सांग, कन्सेशनमधी तुझं डोकं काढतील का! आन् ऐक, आजपासून सूनबाईची बादली माझ्या बादलीशेजारी राहील. मी बघते कोण फवारतंय ते!"

सुनंदा इतकी हसली की तिला पुन्हा खुर्चीत बसावं लागलं.

ती गोळी काही महिन्यांनी थांबवली. तक्रार पुढे परत आली नाही. सुनंदाची पिशवी जिथे होती तिथेच आहे, आणि ती पन्नाशीला आल्यावर पाळी आपोआप, कुणाच्याही कन्सेशनशिवाय गेली. पेटी आली. एक्स्पोर्ट क्वालिटी नव्हती, लोकल मार्केटची होती. मी भाऊसाहेबाला फोन करून तसं सांगितलं. त्याने दुसरी पाठवली.

सरांनी याविषयी कधी एक शब्दही काढला नाही. काही वर्षांनी डॉक्टरांच्या एका सभेत त्यांनी अँटिबायोटिक्सच्या गैरवापरावर भाषण केलं. चांगलं केलं. मी शेवटच्या रांगेत बसले होते आणि टाळ्या वाजवल्या नाहीत.

मला यातून एवढंच कळलं की आजाराचं नाव सांगून डॉक्टरचं काम संपत नाही. पेशंटच्या घरात कुणाला त्या विषयातलं काय येतं हे आधी विचारून घ्यावं. माळ्याला, गवंड्याला, वायरमनला, सगळ्यांना. आणि द्राक्षवाल्याला बुरशी म्हणायचंच असेल, तर दाराला आतून कडी लावावी, काय करायचं नाही ते त्याच्याकडून तीनदा म्हणवून घ्यावं, आणि मगच त्याला मायक्रोस्कोपजवळ जाऊ द्यावं.